नैतिकतेच्या लेखात बिलाचा उल्लेखच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोना महामारीनंतर खासगी रुग्णालयांपुढे उभ्या राहिलेल्या नैतिक प्रश्नांवरचा पानभर लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. रुग्णांच्या माहितीची गोपनीयता आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, कर्मचाऱ्यांवरचा ताण आहे. बिल हा शब्द मात्र शोधूनही सापडला नाही. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये ज्यांचे माणूस आत होते आणि जे स्वतः फाटकाबाहेर उभे होते, त्यांना हा लेख वाचून काय वाटले असेल?

माझे थोरले बंधू त्या मे महिन्यात सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात होते आणि तिथेच गेले. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय जीव धोक्यात घालून राबत होते. एक सिस्टर तर रात्रीची ड्युटी असली की स्वतःच्या मोबाइलवरून वहिनींना दादांचा चेहरा दाखवायची. तिचे उपकार आम्ही विसरणार नाही. माझी तक्रार तळमजल्यावरच्या बिलिंग काउंटरबद्दल आहे.

जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे बिल कसे वाचायचे ते मला कळते. 21 मे 2020 च्या शासन अधिसूचनेत खासगी रुग्णालयांतल्या कोरोना उपचारांचे कमाल दर ठरले होते. साध्या विलगीकरण वॉर्डाला दिवसाला 4000 रुपये, अतिदक्षता विभागाला 7500, व्हेंटिलेटरसह 9000. या दरात खाट, नर्सिंग, जेवण, डॉक्टरांची तपासणी हे सगळे धरलेले होते. पीपीई किट, महागडी औषधे अशा काही गोष्टी तेवढ्या वेगळ्या. आमच्या बिलात 9000 तर होतेच. त्यावर नर्सिंग वेगळे, डॉक्टरांची भेट वेगळी, 'सॅनिटायझेशन' वेगळे. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या मुलाने त्याचे बिल मला दाखवले. त्यात त्याच दिवसांची, तेवढीच पीपीई किट लावलेली. एक सिस्टर एकच किट घालून वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांना बघत होती आणि पैसे मात्र प्रत्येकाकडून पूर्ण किटचे घेतले जात होते.

दादा पहाटे गेले. उरलेली रक्कम जमा झाल्याशिवाय पुढचे कागद होणार नाहीत, असे काउंटरवरून सांगण्यात आले. पतसंस्था उघडेपर्यंत आम्ही बाहेर बसून राहिलो. वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या, तेव्हा दुपारी शववाहिका मिळाली. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 14 जानेवारी 2021 रोजीच दुरुस्ती झाली होती आणि बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येणार नाही असे त्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे दादा गेले तेव्हा हा नियम अमलात होता. आम्हाला तो माहीत नव्हता. काउंटरवाल्यांना माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

पुढे तक्रार केली. प्रशासनाने नेमलेल्या लेखापरीक्षकांनी बिल तपासले, जादा आकारणी मान्य केली, फरकाची रक्कम परत करण्याचे पत्र निघाले. ती रक्कम आजतागायत मिळालेली नाही. सुरुवातीला 'वरून मंजुरी यायची आहे' हे उत्तर मिळायचे. आता मिळणारे उत्तर असे: "काका, मॅनेजमेंट बदललंय. जुन्या बिलांचं आम्हाला काही माहीत नाही."

माझ्या मते महामारीनंतरचा सर्वांत मोठा नैतिक प्रश्न हाच आहे आणि लेखकाने त्याला हातही लावलेला नाही. रुग्णालयांची मालकी आता झपाट्याने बदलते. पुण्यातल्या सह्याद्री रुग्णालयांचेच बघा. 2022 मध्ये ती कॅनडातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतली आणि 2025 मध्ये मणिपाल समूहाने ती विकत घेत असल्याचे जाहीर केले. आमच्या तक्रारीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही आणि अशा व्यवहारात बेकायदाही काही नाही. पण असा व्यवहार होतो तेव्हा इमारत, यंत्रे, नाव आणि रुग्णांचा विश्वास या सगळ्याची किंमत धरली जाते. मग रुग्णांचे देणे कोणाच्या खात्यावर जाते, हे विचारायचा अधिकार आम्हाला आहे की नाही?

त्याच 2021 च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ते लागले की नाही हे महापालिका क्षेत्रात आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांनी बघायचे. गेल्या महिन्यात पत्नीच्या मोतीबिंदूसाठी दुसऱ्या एका रुग्णालयात गेलो होतो. दरपत्रक कुठे आहे असे विचारले, तर समोरून प्रश्न आला, "इन्शुरन्स आहे का, ते आधी सांगा." साथ संपली, पण नातेवाइकाची अडचण बघून आकडा सांगायची सवय तशीच राहिली. कायद्याने वागणारी रुग्णालयेही आपल्या जिल्ह्यात आहेत आणि या प्रकारांमुळे त्यांच्याकडेही लोक संशयाने बघतात.

आणखी एक गोष्ट आपल्याला उद्देशून लिहिणे भाग आहे. त्या लेखाच्या खाली अर्धे पान एका रुग्णालयाची जाहिरात होती. शेवटच्या पानावर 'आरोग्य विशेष' म्हणून जे छापले तीही जाहिरातच होती, पण तसे लिहिलेली अक्षरे माझ्या वयाच्या वाचकाला भिंगाशिवाय दिसणार नाहीत. वृत्तपत्र जाहिरातींवर चालते हे मला मान्य आहे. पण जाहिरात कुठली आणि बातमी कुठली, हे वाचकाला कळलेच पाहिजे. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, 2021 चे ते नियम आणि तक्रार कुठे करायची याचा पत्ता छापावा, ही विनंती.

परताव्याचा पाठपुरावा अजून चालू आहे आणि वहिनी गावी एकट्या राहतात, म्हणून नाव प्रसिद्ध करू नये.

— एक नियमित वाचक, सांगली