माझी 'नवी जात' बुडवल्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुम्हाला खासगीत पाठवता आलं असतं. पण रानउंदरांवरच्या गोचिडी ओळखायला बसलेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखं कुणी भेटतंच असं नाही, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

गोचिडीची नवी जात सापडल्याच्या तोऱ्यातच मी तुमच्याकडे आले होते. उंदराच्या कानाच्या कडेवरून काढलेली ती निम्फ, म्हणजे अळी आणि प्रौढ यांच्यामधल्या अवस्थेतली गोचीड, रक्त पिऊन टम्म झाली होती, कुठल्याच वर्णनाशी जुळत नव्हती. तुम्ही विचारलंत, "लांबी कशाची मोजलीस?" अख्ख्या अंगाची, म्हटलं. "अगं, अंग रक्ताने फुगतं. पाठीवरची ढाल फुगत नाही. ती मोज." मोजली, आणि माझी नवी जात एका जुन्याच जातीच्या मापात चपखल बसली! तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

मग तुम्ही ती उलटी ठेवलीत आणि दिवा तिरका केलात. तोवर मला न दिसलेली गुदद्वाराजवळची खाच सावलीमुळे एकदम उठून आली. खाच गुदद्वाराच्या पुढून वळली तर गोचीड इक्झोडिस या गटातली, हे पाठ होतं. डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी. तोंडाच्या दातेरी भागाचं मात्र काही करता आलं नाही. मी ओढून काढल्यामुळे तो उंदराच्या कातडीतच राहिला होता. दातांच्या ओळी २/२ की ३/३, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन की तीन-तीन, मोजणार कशावर?

उंदरांवर बहुतेक वेळा सहा पायांच्या अळ्या आणि निम्फच मिळतात. बऱ्याच जातींचे प्रौढ मोठ्या जनावरांवर जातात. ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे एकेक लक्षण तपासत जात ओळखायचे तक्ते, मात्र जास्त करून प्रौढांच्या. यावर तुमचा उपाय म्हणजे पोट भरलेल्या निम्फ दमट कुपीत ठेवून कात टाकेपर्यंत थांबायचं. मी सुट्टीवर गेले तेव्हा त्या कुप्या तुम्ही सांभाळल्यात. प्रौढ बाहेर आल्यावर टाकलेली कातही त्याच कुपीत ठेवलीत, म्हणजे कुठली निम्फ कुणाची, हा घोळ उरला नाही.

इक्झोडिस डॅमिनीची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. १९७९ मध्ये वेगळी जात म्हणून वर्णन झालं, १९९३ मध्ये ती इक्झोडिस स्कॅप्युलॅरिसच ठरली. "एवढ्या जाणत्या लोकांचंही असं होतं, मग तुझ्या एका निम्फचं काय घेऊन बसलीस?" असं तुम्ही म्हणालात. आता वीस-पंचवीस नमुने समोर असल्याशिवाय मी वर्णनाला हात लावत नाही.

आणि हो, कुपीतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहिते. अल्कोहोलमध्ये शाई विरघळलेली ती पहिली चिठ्ठी, जी तुम्ही भिंग लावून अर्धा तास वाचत बसला होतात, अजून माझ्या वहीत आहे. तारीख शेवटपर्यंत लागली नाहीच.

आपली,
एक विद्यार्थिनी