बाबा, 'वरून' म्हणजे कुठून, ते बघायला या

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी नुसतंच "भंडारदऱ्याला जाऊन आलो" म्हणाले. तुम्हा दोघांना त्या रस्त्याने एकदा न्यायचंच, हे तेव्हाच मनाशी पक्कं झालं होतं, पण फोनवर नीट सांगता आलं नसतं. बाबांना तर न्यायलाच हवं.

बाबा, तुमची सगळी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. कालव्याला पाण्याचं आवर्तन कधी, टेलला म्हणजे शेवटच्या टोकाला पाणी पोचलं का, कुणाचं रान वाळतंय, घरात सतत हेच बोलणं. उन्हाळा तोंडावर आला की तुम्ही दर दोन दिवसांनी कुणाला तरी विचारायचात, "वरून पाणी सुटलं का?" ते 'वर' मी आता डोळ्यांनी पाहिलं.

नाशिकहून मुंबई हायवेने घोटी, तिथून आत वळून बारी, मग शेंडी. साधारण ७० किलोमीटर. घोटी सोडली की दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात आणि समोर अलंग, मदन, कुलंगचे उभे कडे. बारीत कळसूबाईचा डोंगर अंगावरच येतो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. आई, तुला चढायचं नाहीये, खालूनच हात जोड.

शेंडीला भंडारदऱ्याचं धरण. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं, सगळं दगडी बांधकाम. अकरा टीएमसी, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाणी. बाबा, तुम्ही भिंतीपाशी तासभर तरी रेंगाळाल, मला माहीत आहे. हे पाणी प्रवरेने निळवंड्यात, पुढे संगमनेर, नेवासा करत प्रवरासंगमला गोदावरीत आणि तिथून नाथसागरात, म्हणजे तुमच्या जायकवाडीच्या जलाशयात. दारणेचंही तसंच, तीही याच डोंगरात उगम पावते आणि गोदावरीलाच मिळते. म्हणजे तुमच्या गेटमधून मानवतच्या रानात जे पाणी जायचं, त्यातलं किती तरी इथल्या पावसाचं. तिथे उभी असताना मला तुमची फार आठवण आली.

खरी मजा धरणाच्या पुढे. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. रस्त्याला जांभूळ, हिरडा, आंब्याची दाट झाडी, आणि मधेच झाडी फाटून एकदम पाणी दिसतं. दर वळणावर त्याचा रंग वेगळा. हा सगळा भाग अभयारण्यात येतो, त्यामुळे गर्दीचे दिवस टाळले तर शांतता असते. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की पायाखालून जमीनच संपते, खाली सगळं कोकण. कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस प्रवरेतून बंगालच्या उपसागराला जातो, पलीकडे पडलेला अरबी समुद्राला. तिथेच २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करतात. बाबांना हे समजावून सांगणारं कुणीतरी मी तिथे शोधून ठेवीन.

आई, तुझ्यासाठी रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ, रतनगडाच्या पायथ्याशी. बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा मोकळी नाही, सगळं कोरीव काम. मी एका खांबावर हात ठेवला, दगड ओला आणि गार होता, आणि नक्षीच्या खाचेत शेवाळाची बारीक हिरवी रेघ धरली होती. जवळच पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत मूर्ती. देवळापर्यंत गाडी जाते, थोडंच चालायचं. तुझ्या गुडघ्यांचा विचार करूनच मी सगळं बघून आले. बांधांवर सोनकी फुलली आहे, डोंगरउतार पिवळे झालेत. पाऊस ओसरला की ती फार दिवस टिकत नाही.

म्हणून म्हणते, पितृपंधरवडा संपला की लगेच या. दसऱ्यापर्यंत थांबू नका. रस्ता काही ठिकाणी उखडलाय, पण हे सावकाश चालवतात आणि मुक्काम शेंडीतच करू, म्हणजे एका दिवसात दगदग नको. डॉक्टरांना विचारून घ्या, बाबांचं बीपी त्याआधी एकदा तपासून घ्या. तपोवन एक्सप्रेस धरलीत की गाडी बदलायची भानगड नाही, नाशिक रोडला आम्ही घ्यायला येतो. आई, स्वेटर आण, तिथे रात्री गारठा असतो. औषधांचा डबा हातातल्या पिशवीत ठेव, बॅगेत नको. तिकीट काढलं की लगेच कळवा, म्हणजे मला खोल्या सांगून ठेवता येतील.

तुमची लाडकी लेक
नाशिक