चीनमधल्या शिजियाझुआंगच्या वैद्यबाईंना

आदरणीय दायफू,

पत्र मराठीतच लिहितोय. मनातलं नीट उतरतं ते याच भाषेत. कारखान्यातली दुभाषी मुलगी तुम्हाला वाचून दाखवेल.

मी आलो तेव्हा कमरेतली कळ डाव्या पोटरीपर्यंत जात होती. कित्येक रात्री डोळ्याला डोळा नव्हता. पण तुम्ही लगेच अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया हातात घेतल्या नाहीत. पाय उचलून पाहिलात, पाऊल लुळं पडतंय का, लघवीला त्रास आहे का, ते विचारलंत आणि आधी एमआरआयला धाडलंत. मणक्याची चकती सरकली होती. ऑपरेशनची घाई नाही असं सर्जननी सांगितलं, मगच हात लावलात. ही सबुरी मी विसरणार नाही.

आधी कोपराने आणि तळहाताने थुइना, म्हणजे तुमचा चिनी मसाज, मग सुया. गुडघ्यामागच्या घडीतल्या वेइचोंग या बिंदूमध्ये केसासारखी बारीक सुई घालून तुम्ही ती हलके फिरवायचात आणि विचारायचात: सुआन? मा? झांग? चोंग? ठणकतंय, मुंग्या येताहेत, तटतटतंय, की जड वाटतंय? पहिल्याच दिवशी पोटरीत सणक गेली आणि मी ओरडलो, "आय गं!" तुम्ही लगबगीने शेकाची कांडी पेटवलीत. ती कांडी ज्या वनस्पतीची, तिला तुम्ही ‘आय’ म्हणता; आमच्या दवण्याच्याच कुळातली ती. आमच्याकडे आईला आय म्हणतात हे कळल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. दायफू, त्या क्षणी मला फार भरून आलं.

सोलापूर तुम्हाला ठाऊक नव्हतं. डॉ. कोटणीसांचं गाव म्हणताच "ख दीह्वा!" हे त्यांचं चिनी नाव घेत तुम्ही उठून उभ्या राहिलात. 1938 मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकासोबत जखमी सैनिकांसाठी चीनला आले आणि 9 डिसेंबर 1942 ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, इथेच गेले. एक सांगायचं राहिलं. त्यांच्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला येऊन ही सुयांची विद्या शिकले आणि कोलकात्याला घेऊन गेले.

सुयांनी किती बरं केलं आणि काळाने किती, ते ठामपणे सांगता येत नाही, असं तुम्हीच म्हणालात. असेल. पण परवा मी कोटणीसांच्या समाधीपर्यंत चालत गेलो, वाटेत एकदाही न बसता. दोन फुलं वाहिली, त्यातलं एक तुमच्या नावाचं.

सांगितलेले व्यायाम रोज करतोय. पुढच्या महिन्यात गावी जाणार आहे. तुमच्या तपासणीच्या पलंगावर घालायला सोलापुरी चादर आणतो. रंग तेवढा कळवा.

तुमचा,
सोलापूरचा पेशंट