तलावात क्लोरीन जास्त झाले तर

महोदय,

सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोहण्याच्या तलावांवर मुलांची झुंबड उडते. गर्दीच्या धास्तीने ब्लीचिंग पावडर अंदाजाने पडते आणि १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असायला हवे ते क्लोरीन ८-१०वर जाते.

घोळ बहुधा तपासणीतच होतो. क्लोरीन तपासायची डीपीडी गोळी टाकल्यावर नमुना गुलाबी व्हायला हवा. पण क्लोरीन फारच जास्त असेल तर रंग क्षणभर चमकून उडतो आणि पाणी नितळ दिसते. ‘क्लोरीन संपले’ असे समजून आणखी पावडर ओतली जाते! शंका आली की एक भाग तलावाचे पाणी आणि चार भाग बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर मिसळून तपासावे, आकडा पाचने गुणावा. नळाचे पाणी यासाठी चालत नाही, त्यातही क्लोरीन असते. अशा वेळी पीएच (पाण्याची आम्ल-अल्कता) तपासायचे फिनॉल रेड हे रंगद्रव्यही जांभळे होऊन पीएच वाढल्याचा भास देते. तेव्हा पीएच उतरवायला लगेच ॲसिड घालू नये.

पोहणे थांबवून डोस बंद करावा, पंप चालू ठेवावा. साध्या ब्लीचिंग पावडरचे क्लोरीन कडक उन्हात तासाभरात निम्म्यावर येते. टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) क्लोरीन-गोळ्या वापरत असतील तर मात्र त्यातले सायन्युरिक ॲसिड क्लोरीन धरून ठेवते, आणि ते ॲसिड काही पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही. एरवी चौथा हिस्सा पाणी बदलले तरी ८चे ६च होतात. राकसकोप जलाशयाच्या पाण्यावर भिस्त असलेल्या शहराला ही उधळपट्टी परवडणारी नाही.

घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. एक लाख लिटरला एक पीपीएम उतरवायला साधारण २०० ग्रॅम. साडेचार लाख लिटरच्या तलावात ८चे ३ करायला हिशेब साडेचार किलोचा येतो, पण पहिल्यांदा दीड किलोच बादलीत विरघळवून कडेकडेने ओतावे. तीन-चार तासांनी तपासून पुढचे ठरवावे. जास्त पडले तर नंतर घातलेले क्लोरीन टिकतच नाही. ब्लीचिंगची बादली यासाठी वापरू नये.

नाकात जाणारा उग्र वास मात्र बहुतेकदा घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो. तिथे हायपो घालणे चूकच.

तलावचालकांनी सकाळ-संध्याकाळचे क्लोरीन आणि पीएचचे आकडे दारातल्या फळ्यावर मराठी आणि कन्नडमध्ये लिहावेत, ही विनंती.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव