ईस्टर सजावटीच्या सहा संचांबाबत तक्रार

दिनांक : १४ मार्च २०२६

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
हस्तकला साहित्य विभाग

विषय : 'घरच्या घरी ईस्टर व वसंत सजावट' या संचातील न जुळणारं साहित्य, चुकीचं माहितीपत्रक, कमी भरलेलं माप आणि बंदी असलेलं थर्माकोल.

स.न.वि.वि.

आमच्या बचत गटाने आपल्याकडून वरील नावाचे सहा संच ऑनलाइन, प्रत्येकी ₹६४९ प्रमाणे, एकूण ₹३,८९४ भरून मागवले. पार्सल ९ मार्चला दर्यापूरला मिळालं. सहाही संच उघडून, त्यातली प्रत्येक वस्तू वापरून पाहिल्यावरच हे पत्र लिहीत आहोत. एखादं खोकं खराब निघालं असतं तर बदलून मागितलं असतं. इथे दोष सहाही खोक्यांत सारखाच आहे, म्हणजे तो संच जुळवतानाच झालेला आहे.

वेळेचं आधी सांगतो. ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा झाली की पुढच्या रविवारी ईस्टर येतो. २०२५ साली तो २० एप्रिलला होता, यंदा ५ एप्रिलला आहे, पुढच्या वर्षी २८ मार्चलाच आहे. झावळ्यांचा रविवार (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार) यंदा २९ मार्चला. दाराचं गोल तोरण आणि टांगायची अंडी लोकांना त्याआधी हातात हवी असतात. ५ एप्रिलनंतर हा माल कोणी घेत नाही, म्हणून उत्तराला उशीर म्हणजे आमचं थेट नुकसान.

सगळ्यात मोठी तक्रार थर्माकोलच्या अंड्यांची. प्रत्येक संचात ६ सेंटिमीटरची १२ अंडी आहेत आणि त्यावर कागद, दोरी, लेस चिकटवायला ५० मिलीची पिवळट डिंकाची नळी आहे. हा डिंक द्रावकातला, म्हणजे चप्पल-बूट चिकटवायला वापरतात त्या जातीचा आहे. नळीचं झाकण उघडताच वास येतो त्यावरूनच कळतं. असा डिंक थर्माकोल विरघळवतो. अंड्यावर हरभऱ्याएवढा थेंब ठेवून पाहा : मिनिटाभरात थेंबाखालचे पांढरे दाणे बसतात, खळगा पडतो, आणि काडीने उचललं तर डिंकाबरोबर थर्माकोलची चिकट तार ओढली जाते. त्यावर ताग गुंडाळला तर तो खळग्यात धसतो आणि अंडं एका बाजूने चेपलेलं दिसतं. सहा संचांतली ७२ अंडी आहेत, त्यांतली १४ आम्ही अशी गमावली आणि मग थांबलो. थर्माकोलला पाण्यातला पांढरा डिंक लागतो. तो सावकाश वाळतो, पण अंडं खात नाही. पत्रकात मात्र 'सोबतचा डिंक भरपूर लावा' असं ठळक अक्षरात छापलं आहे.

पण डिंक बदलून पाठवला तरी हा प्रश्न मिटत नाही, कारण सजावटीसाठीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर केंद्राने बंदी घातली, त्या यादीत सजावटीचं थर्माकोल नाव घेऊन लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी, २०१८ पासून बंदी आहे. या अंड्यांच्या वस्तू आम्ही बाजारात मांडल्या तर दंड आम्हाला होईल. खोक्यावर 'पर्यावरणपूरक' असं छापून आत हा माल भरणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

याला स्वस्त पर्याय नाही असं कोणी म्हणू नये. आमच्या भागात कागदाच्या लगद्याची टोपली घरोघरी होते, त्याच लगद्याची अंडी होतात. अर्धा किलो रद्दीचे बारीक तुकडे करून तीन दिवस पाण्यात भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उखळात किंवा मिक्सरमध्ये वाटून फडक्यात पिळायचं. ५० ग्रॅम मेथीदाणा रात्री भिजवून वाटून त्यात मिसळायचा. मेथीने लगदा चिकट होतो आणि वाळल्यावर कीड लवकर धरत नाही. खऱ्या अंड्याला तेलाचा हात लावून त्यावर ३ मिलिमीटर जाडीचा थर दाबून बसवायचा आणि पहिला दिवस सावलीत वाळवायचा. सरळ उन्हात ठेवलं की वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि भेग पडते. दुसऱ्या दिवशी उन्हात द्यायचं. वाळल्यावर मधोमध ब्लेडने कापून अंडं बाहेर काढायचं, दोन्ही अर्ध्या पांढऱ्या डिंकाने जोडायच्या आणि जोडावर कागदाची पट्टी लावायची. अर्ध्या किलोत तीसेक अंडी होतात. कुठलाही डिंक त्यावर बसतो, रंगही बसतो. आपल्याकडे हीच अंडी तयार करून भरणं अवघड नाही.

ग्लू गनचंही, म्हणजे डिंकाची कांडी वितळवून लावायच्या विजेच्या यंत्राचंही, तेच. संचातली गन २० वॉटची आहे आणि तिच्यात ७ मिलिमीटरची कांडी जाते. दिलेल्या सहा कांड्या ११ मिलिमीटरच्या आहेत. त्या तोंडातच अडकतात. चाकूने तासून घातल्या तर गनच्या चापाने पुढे सरकत नाहीत, कारण चाप धरतो तो गोल कांडीला. हा दोष खोकं भरतानाच डोळ्याला दिसायला हवा होता. शिवाय गरम डिंकाने थर्माकोलही मऊ पडून वितळतं, हे पत्रकात कुठेच लिहिलेलं नाही. आणि दुपारी भारनियमन असतं. गन गरम होऊन थंड होते, डिंक नळीतच बसतो. या भागात वीज नसताना जे चिकटतं तेच खरं साहित्य.

क्रेप कागदाची लिली हे खोक्यावरचं चित्र पाहून लोक संच घेतात, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो. क्रेप कागदावर बारीक उभ्या सुरकुत्या असतात आणि कागद ताणला जातो तो सुरकुत्यांच्या आडव्या दिशेने. पाकळी कापताना सुरकुत्या तिच्या लांबीत उभ्या यायला हव्यात. ९ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद पाकळी अशी कापली की दोन्ही अंगठे मधोमध ठेवून रुंदीत ताणता येते आणि वाटीसारखी खोल होते. लिलीला अशा सहा पाकळ्या लागतात : आधी तीन, मग त्यांच्या फटीत तीन. आपल्या पत्रकावरचा साचा मात्र कागद वाचवायला आडवा मांडला आहे. त्या साच्याने कापलेली पाकळी ओढली की लांबीत वाढते, खोल होत नाही, आणि संध्याकाळपर्यंत लोंबते. आम्ही साचा उभा फिरवून कापलं तेव्हाच फूल उभं राहिलं. पण तसं केल्यावर एका घडीतून पाच फुलंच निघतात, आठ निघत नाहीत. म्हणजे खोक्यावर 'आठ लिली' असं छापलं आहे ते खोटं आहे.

तारही चुकीची आहे. दिलेली २४ गेजची तार अर्ध्या मिलिमीटरहून जराशीच जाड आहे. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. २४ गेज पाकळीच्या पाठीला चालते. देठाला १८ गेज, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपासची तार लागते, नाहीतर फूल मान टाकतं. गावात लोखंडी सळया बांधायची बाइंडिंगची तार किलोवर मिळते, ती देठाला अगदी योग्य जाडीची आणि मऊ असते. एक सांभाळायचं : तिच्यावर काळं तेल असतं. कोरड्या फडक्याने दोनदा पुसल्याशिवाय पांढऱ्या कागदाजवळ नेऊ नये, डाग निघत नाही. देठाला गुंडाळायच्या फ्लोरल टेपबद्दल पत्रकात 'सेलोटेपसारखी चिकटवा' लिहिलं आहे, तेही चूक. ती ओढून ताणली तरच तिच्यातलं मेण मोकळं होऊन चिकटते. चार संचांतल्या टेपचे थर पार्सलमध्येच एकमेकांना चिकटलेले आले. बंद गाडीतल्या उन्हात असं होणारच, तिला आतून बटर पेपर गुंडाळून पाठवा.

लाल आणि गुलाबी कागद घामाने रंग सोडतो. मार्चअखेर इथे पारा चाळिशीकडे जातो, हात कोरडे राहत नाहीत. पांढऱ्या पाकळ्या आधी करून झाकून ठेवाव्यात आणि मग लाल कागदाला हात लावावा. एवढी एक ओळ पत्रकात असती तर गटातल्या नव्या बायकांच्या दोन घड्या वाया गेल्या नसत्या.

आता रंगाच्या पुड्या. पाच पुड्या आहेत. 'एक पुडी, अर्धा पेला पाणी, एक मोठा चमचा व्हिनेगर' असं प्रमाण दिलं आहे, पण व्हिनेगर संचात नाही आणि खेड्यातल्या किराणा दुकानात ते ठेवत नाहीत. लिंबाचा रस चालतो, हे लिहायला हवं होतं. पाण्याबद्दल तर एक शब्द नाही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यातला क्षार आंबटपणा मारतो, आणि आंबटपणा गेला की रंग टरफलाला धरत नाही. त्याच पुडीचा रंग जारच्या पाण्यात गडद येतो, बोअरच्या पाण्यात धुतल्यासारखा फिका. पिवळ्यासाठी हळद वापरली तर याच पाण्यात ती लालसर तपकिरी होते, चुना लागल्यावर होते तशी. म्हणून पत्रकावर 'गोडं किंवा जारचं पाणी घ्या' हे आधी छापा. आंबटाचा अतिरेकही करू नये. टरफल चुनखडीचं असतं, जास्त रसात त्यावर बुडबुडे येतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो.

पुडीवर रंग खाण्याचा आहे की नाही, हेही लिहिलेलं नाही. आणि याहून गंभीर बाब म्हणजे पत्रक सांगतं, 'रंगवलेली उकडलेली अंडी आठवडाभर टोपलीत मांडून ठेवा, मग मुलांना वाटा.' इथल्या उन्हाळ्यात उकडलेलं अंडं तासाभराहून जास्त बाहेर ठेवून खाऊ नये. आठवडाभर ठेवलेल्या अंड्याने पोरं आजारी पडतील. ही ओळ आजच काढून टाका, बाकी दुरुस्त्या नंतर झाल्या तरी चालतील.

मांडून ठेवायला पोकळ अंडंच लागतं. कच्चं अंडं धुवून दाभणाने निमुळत्या टोकाला २ मिलिमीटरचं आणि रुंद टोकाला ५ मिलिमीटरचं भोक पाडायचं, तार घालून आतला बलक फोडायचा आणि बारीक भोकातून फुंकर मारून सगळं वाटीत काढायचं. ते त्याच दिवशी भाजीत वापरता येतं, वाया काही जात नाही. आत पाणी घालून दोनदा हलवून काढायचं आणि मोठं भोक खाली करून वाळवायचं. पोकळ अंडं रंगाच्या पाण्यावर तरंगतं, एकाच बाजूला रंग धरतं. वर छोटी वाटी पालथी दाबून ठेवली की सारखं रंगतं. सहा-आठ कांद्यांची कोरडी सालं अर्ध्या लिटर गोड्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळून, गाळून, थंड करून त्यात एक चमचा लिंबाचा रस घातला आणि अर्धा तास अंडं बुडवलं तर तांबूस रंग येतो. त्यावर तेलाचं बोट फिरवलं की चमक येते. या रंगाला पुडीची गरजच पडत नाही.

गवताच्या बियांच्या ५० ग्रॅमच्या पाकिटावर ना जात लिहिली आहे ना तारीख. तीन टोपल्यांत पेरून पाच दिवस झाले, एकही कोंब नाही. 'वरून प्लास्टिक ताणा' ही सूचना पाळली तिथे मातीवर बुरशी आली. थंड देशातली ही पद्धत इथे उचलून छापली आहे. घटस्थापनेला गहू पेरणारी बाई जे जाणते, तेच इथे चालतं : गहू रात्रभर भिजवून, एक दिवस ओल्या फडक्यात बांधून, बुरडाकडच्या टोपलीत दोन इंच माती-शेणखतावर दाट पसरायचा, वर बोटभरसुद्धा माती नको. दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं. अंधारात ठेवलं तर पिवळा राहतो, ईस्टरला हिरवा हवा म्हणून उजेडाच्या सावलीत ठेवायचा. सात-आठ दिवसांत चार-पाच इंच होतो. म्हणजे ५ एप्रिलसाठी पेरणी २८ मार्चच्या आसपास.

माप : तागाची दोरी १० मीटर छापली आहे, सहाही संचांत ती ७.५ ते ८ मीटरच भरली. खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत नाही. पॅकबंद मालावर ही माहिती छापणं कायद्याने सक्तीचं आहे.

आमच्या मागण्या अशा. सहाही संचांची पूर्ण रक्कम ₹३,८९४ परत करावी. उरलेली ५८ थर्माकोलची अंडी आपल्या खर्चाने परत न्यावीत. ज्या ग्राहकांनी हा संच घेतला त्या सगळ्यांना उकडलेल्या अंड्यांची सूचना चुकीची आहे असं तातडीने कळवावं. रकमेऐवजी माल पाठवायचा असेल तर तो २१ मार्चपर्यंत आमच्या हातात पडायला हवा, आणि त्यात १८ गेजची तार, जाड पांढरा क्रेप, पाण्यातला डिंक एवढंच पाठवावं. बाकी सारं गावात मिळतं.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं आपल्यावर बंधनकारक आहे. पोच न आल्यास आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करू आणि पुढे अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते.

आपल्या ग्राहक,
महिला बचत गटाच्या सदस्या,
ता. दर्यापूर, जि. अमरावती

सोबत : बिलाची प्रत, डिंकाने खळगा पडलेल्या अंड्यांचे, कांडी अडकलेल्या गनचे आणि मोजपट्टीवर ठेवलेल्या दोरीचे फोटो, आडव्या आणि उभ्या साच्याने कापलेली एकेक पाकळी.