दादा, थर्माकोल नाही, लाकूड आहे!

मेरीलँड
रविवार, 14 ऑक्टोबर 2018

ती. स्व. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

काल 'स्टार ट्रेक'मधल्या जहाजाचे फोटो पाठवले तर तुझं उत्तर आलं एका शब्दाचं. "थर्माकोल?" तीस-पस्तीस वर्षं झाली, तुझी शंका काही जात नाही. म्हणून आज बसून पत्रच लिहिते. फोनवर लिहिलं की तू चष्मा शोधेपर्यंत विसरतोस.

तर थर्माकोल नाही. पॉप्लरचं लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा. 'स्टार ट्रेक' या आपल्या जुन्या अमेरिकी मालिकेतलं अंतराळजहाज एन्टरप्राइज, त्याचं चित्रीकरणात वापरलेलं मूळ मॉडेल, इथे वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या विमान आणि अंतराळ संग्रहालयात आहे. तिकीट नाही, कुणीही जावं. लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला ते विमान वर टांगलेलं, पलीकडे चंद्रावर उतरणारं यान, आणि त्यांच्याच दालनात काचेच्या पेटीत आपलं खोटं जहाज. लांबी 11 फूट, वजन नव्वद किलोच्या आसपास. मला वाटलं होतं हातभर असेल. टीव्हीत बोटभर दिसायचं ना.

पण तुझ्यासाठी खरी गंमत पुढेच आहे. उजवीकडून बघितलं तर खिडक्या, आकडे, पट्टे, सगळं जिथल्या तिथे. मी वळसा घालून डावीकडे गेले, तर तिथे निम्मं काम केलेलंच नाही! 1964 साली मॉडेल बनवलं तेव्हा आत दिवे नव्हते. नंतर खिडक्यांतून उजेड दिसायला हवा म्हणून दिवे बसवले आणि सगळ्या वायरी डाव्या अंगाने आत घातल्या. मग ती बाजू कॅमेऱ्याला दाखवायचीच नाही असं ठरलं. जहाज उलट्या दिशेने जाताना हवं असेल तर आकडे उलटे चिकटवायचे आणि फिल्म आरशातल्यासारखी उलटवायची. मला एकदम आपल्या नाटकातली तुझी राजवाड्याची भिंत आठवली. पुढून संगमरवर आणि मागे टीव्हीच्या खोक्यावरचं 'ही बाजू वर' तसंच. काचेपुढे एकटीच उभी राहून हसले. शेजारचा मुलगा आईला काहीतरी विचारायला लागला, तेव्हा तिथून सटकले.

1974 मध्ये स्टुडिओने हे मॉडेल संग्रहालयाला देऊन टाकलं. मधे बरीच वर्षं ते तळघरातल्या दुकानात होतं. मग डागडुजी करून 2016 मध्ये वर मोठ्या दालनात आणलं. जहाजाच्या पुढच्या गोल तबकडीचा वरचा भाग मात्र पुन्हा रंगवला नाही, तो साठच्या दशकातलाच रंग आहे. हे मला फार आवडलं. दिवे दिवसातून ठरलेल्या वेळीच लावतात, मी दोन तास थांबले आणि ते बघूनच निघाले.

तुला आठवतं, रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं तेव्हा आपल्याला त्यातलं इंग्रजी चार आण्याचंही कळायचं नाही. म्हणून आपण वस्तू बघत बसायचो. तू प्रत्येकीवर निकाल द्यायचास, "ही प्रॉपर्टी चांगली, ही फालतू." प्रॉपर्टी म्हणजे नाटकवाल्यांच्या भाषेत नटाच्या हातातली वस्तू. आणि तुझं ते वाक्य, प्रॉपर्टी हातात बसली पाहिजे. इथे मी सगळे 79 भाग पुन्हा पाहिले आणि दर भागाला तुझा आवाज ऐकू आला. काही निकाल मी फिरवले आहेत, रागावू नकोस.

जहाजाशी बोलायचा तो हातातला कम्युनिकेटर अजून पहिल्या नंबरावर. कप्तान कर्क मनगटाला झटका देतो आणि जाळीदार झाकण उघडतं, तो. आत एक चकती फिरताना दिसायची, आठवते? तिच्यात स्टॉपवॉचचं यंत्र आहे रे! रेघारेघांच्या दोन चकत्या एकीवर एक, त्यातली एक स्टॉपवॉचवर फिरते, म्हणजे लाटा उठल्यासारख्या दिसतात. तेही जवळून दाखवायच्या मोजक्याच नगांत, बाकीचे ठोकळे. केलं कुणी, तर वाह मिंग चँग नावाच्या कारागिराने. ट्रायकॉर्डर, म्हणजे खांद्याला अडकवायचं ते तपासणीचं यंत्र, तेही त्याचंच. तरुणपणी पोलिओ झालेला माणूस, पायाला आधार लावून चालायचा. तो युनियनमध्ये नव्हता, त्यावरून भानगड झाली आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव आलं नाही. आपल्या नाटकाच्या हस्तपत्रिकेत तरी तुझं नाव कधी छापलं होतं? 'नेपथ्य साहाय्य : मित्रमंडळी.' त्या 'मित्रमंडळी'वरून आईने सेक्रेटरींना सुनावलेलं मी विसरलेले नाही.

पुढे 1996 साली झाकणाचा मोबाइल आला, त्याचं नाव स्टारटॅक. माझ्या पहिल्या नोकरीतल्या साहेबांकडे होता. मीटिंगमध्ये उगीच उघडझाप करत बसायचे. त्यांना दोष देत नाही.

आता तुझा एक निकाल फिरवते. डॉक्टर मॅकॉय रोग्याच्या अंगावरून जी चमकती नळकांडी फिरवायचा, तिला तू "वायफळ" म्हणाला होतास. ती मिठाची कुपी आहे! 1966 च्या 8 सप्टेंबरला जो पहिला भाग दाखवला, त्यात मीठ खाणारा राक्षस होता, म्हणून जहाजावर मीठदाण्या हव्या होत्या. भविष्यातल्या वाटतील अशा मीठदाण्या आणल्या, पण त्या इतक्या भविष्यातल्या निघाल्या की प्रेक्षकाला मीठ आहे हे कळणारच नाही असं वाटलं. मग सेटवर साध्या मीठदाण्या ठेवल्या आणि या उचलून डॉक्टरकडे दिल्या. खालून-वरून फिरवायच्या, तोंड गंभीर करायचं, झालं निदान. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याचं नाव अर्व्हिंग फाइनबर्ग, त्यावरून सेटवर असल्या वस्तूंना 'फाइनबर्गर' म्हणायचे. मॅकॉयचं काम करणाऱ्या डीफॉरेस्ट केलीचे हात नीट बघ. तो ती नळकांडी अशी धरतो की वीस वर्षं दवाखान्यात तेच करत आला असावा. तुझ्याच नियमाने ही पास व्हायला हवी होती.

ते सरकते दरवाजे आठवतात? स्स्शक् करून उघडायचे आणि शेजारचे काका म्हणायचे अमेरिका फार पुढे गेली. पडद्यामागे माणसं दोरी ओढायची! ओढायला उशीर झाला की नट सरळ दारावर आपटायचा. आणि जहाजातून ग्रहावर जाताना माणसं चमचमत अदृश्य व्हायची, ती चमचम म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी. काळ्या पडद्यापुढे उजेडात सोडायची आणि कॅमेऱ्याने टिपायची. ही युक्ती तरी का, तर दर आठवड्याला जहाज जमिनीवर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं. हे वाचल्यापासून मला तो प्रकार जास्तच आवडायला लागला. आपल्याला नदी परवडली नव्हती तेव्हा तू निळी साडी हलवली होतीस, त्यातलंच हे.

नावडत्यांत खडक. त्यावर आपलं एकमत होतं आणि अजूनही आहे. तो सरड्यासारखा गॉर्न आणि कर्क यांची मारामारी आठव. लॉस एंजेलिसजवळ व्हास्केझ रॉक्स म्हणून खरे सुळके आहेत, तिथे चित्रीकरण केलं आहे. मागे डोंगराएवढा खरा दगड आणि हातात उशीसारखा हलका खोटा दगड. खोटं खोट्याशेजारी ठेवलं तर खपतं, खऱ्याशेजारी लगेच उघडं पडतं. त्याच भागातली कर्कची बांबूची तोफ मात्र मला आवडते, गंधक, कोळसा आणि सोरा कुटून केलेली. भविष्यातला कप्तान शेवटी दिवाळीतल्या पोरासारखा दारू ठासतो.

छताला चिकटलेले ते उडते परग्रहावरचे जीव, आपली 'ऑम्लेटं', तीही तू नापास केली होतीस. करायलाच हवीत. पण त्यातलं एक टोकदार कानांच्या स्पॉकच्या पाठीवर येऊन आपटतं, त्यानंतरचा त्याचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयचा चेहरा बघ. वेदना इतकी खरी की ऑम्लेट विसरायला होतं. त्याला काठावर पास. शिंग लावलेल्या कुत्र्याला काही देत नाही, बिचाऱ्याला त्या झुलीत उकडत असणार.

सगळ्यात वाईट प्रॉपर्टी आपण तेव्हा पाहिलीच नसावी, नाहीतर तू ओरडला असतास. तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग, 20 सप्टेंबर 1968. तोवर पैसे कमी केले होते, वेळही शुक्रवारी रात्री दहाची. गोष्ट अशी की स्पॉकचा मेंदू चोरीला जातो. मग डॉक्टर त्याच्या डोक्यावर लोखंडी चौकट बसवतो आणि हातातल्या डबीची बटणं दाबून त्याला चालवतो. खट्, एक पाऊल. खट्, वळला. डबी वाईट आहे म्हणून मी चिडले नाही. मिठाच्या कुपीला जो माणूस यंत्र करून दाखवतो, त्याच जातीच्या नटाला इथे प्रॉपर्टी करून टाकलं आहे. स्पॉकच्या एका भुवईवर आपण अख्खा भाग काढायचो, आणि त्याच चेहऱ्याला करायला काही ठेवलेलं नाही. मी मधेच बंद करून भांडी घासायला गेले.

अजून एक, वहिनींना मुद्दाम सांग. आपल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर सगळ्यांचे शर्ट करडे दिसायचे. इथे कळलं की लाल शर्टवाला अनोळखी माणूस कप्तानाबरोबर खाली उतरला की तो बहुतेक मरतोच, हा इथल्या लोकांचा जुना विनोद आहे. रंगीत टीव्हीवाल्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. आपण मात्र प्रत्येकासाठी शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसायचो. वहिनी म्हणतात ना की रंगीत टीव्ही उशिरा घेतला म्हणून नुकसान झालं, या बाबतीत तरी नाही.

संग्रहालयातून येताना तुझ्यासाठी खेळण्यातला कम्युनिकेटर घेतला, तो वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. आत स्टॉपवॉच नाही, नुसता दिवा लागतो आणि चिवचिवतो. स्प्रिंग फार घट्ट आहे, तू सैल करशीलच. पण आधी एकदा तसाच उघडून बघ, अंगठ्याने नाही, मनगटाने.

तुझी,
बेबी