प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक गटाला वेगळी तार द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की शाळाशाळांतून जर्नल (प्रयोगवही) पूर्ण करून घेण्याची धांदल सुरू होते. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दोन्ही भागांची लेखी परीक्षा ४०-४० गुणांची आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. हे २० गुण बहुतेक मुलांना जवळजवळ पूर्ण मिळतात, आणि ती मुले ते प्रयोग करत नाहीत. शिक्षक टेबलावर एकदा प्रयोग करून दाखवतात, निरीक्षण तक्ता फळ्यावर लिहितात, आणि वर्गातल्या साठही जर्नलांत तोच तक्ता उतरतो. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. साठ मुले, पस्तीस मिनिटांची तासिका, दोनच चालू अमीटर (धारा मोजणारी उपकरणे), प्रयोगशाळा परिचराचे पद रिकामे, अशा स्थितीत तो दुसरे काय करणार? तरीही यातला बराचसा भाग सरकारी निधीची वाट न बघता सुधारता येतो, आणि त्याची सुरुवात एका साध्या बदलाने होते. प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे येईल असे साहित्य द्यायचे. मग उतरवून घ्यायला काही उरतच नाही.

ओहमच्या नियमाचा प्रयोग घ्या, म्हणजे विभवांतर वाढते त्याच प्रमाणात तारेतली धारा वाढते हे पाहण्याचा. इलेक्ट्रिक शेगडीची १००० वॅटची कॉइल कोणत्याही विजेच्या दुकानात मिळते. तिचा एकूण रोध ५३ ओमच्या आसपास असतो (२३० चा वर्ग भागिले १०००). मल्टिमीटर लावून तिचे साधारण १०, १२, १४ आणि १६ ओमचे चार तुकडे करावेत. कॉइल थोडी ताणावी, म्हणजे वेढे एकमेकांना टेकणार नाहीत. टेकले तर तेवढा भाग शॉर्ट होतो आणि रोध कमी भरतो. कॉइलची तार निक्रोम या मिश्रधातूची असते आणि तिच्यावर साधे सोल्डर धरत नाही, म्हणून टोकांना स्क्रूचे कनेक्टर लावावेत. तुकडे पुठ्ठ्यावर बसवून त्यावर फक्त क, ख, ग, घ अशी अक्षरे घालावीत. कोणत्या अक्षराला किती ओम, हे शिक्षकाच्या वहीत राहावे.

मंडलात दीड व्होल्टचे तीन सेल, कळ, ० ते ५०० मिलिअँपिअरचा अमीटर आणि ० ते ५ व्होल्टचा व्होल्टमीटर. ऱ्होस्टॅट (धारा कमी-जास्त करायचा बदलता रोध) असेल तर पाच निरीक्षणे घ्यावीत. नसेल तर एक, दोन आणि तीन सेल लावून तीन घ्यावीत, तेवढी पुरतात. कळ फक्त निरीक्षणापुरती दाबायची. ती दाबून ठेवली की सेल लवकर बसतात, आणि शेवटची निरीक्षणे सुरुवातीच्या निरीक्षणांशी जुळत नाहीत.

खरा प्रयोग आणि उतरवलेला प्रयोग यांतला फरक इथे उघड दिसतो. उतरवलेल्या जर्नलमध्ये व्होल्टमीटरच्या रकान्यात १.५, ३.० आणि ४.५ असते, कारण सेलवर तसे छापलेले आहे. १० ओमच्या तुकड्याला प्रत्यक्ष व्होल्टमीटर लावला तर साधारण १.४, २.७ आणि ३.९ व्होल्ट दिसतात, आणि अमीटरवर १४०, २७० आणि ३९० मिलिअँपिअर. सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. धारा वाहू लागली की थोडे विभवांतर सेलच्या आतच खर्ची पडते, आणि सेल वाढवत नेले तशी ही घट वाढत जाते. म्हणजे ज्या मुलाच्या तक्त्यात ४.५ ऐवजी ३.९ आहे, त्याने प्रयोग केलेला आहे. आज परीक्षक त्याच ३.९ वर लाल शाई मारतो, आणि छापील तक्त्याशी जुळणाऱ्या मुलाला पूर्ण गुण देतो. हे चित्र पालटायला हवे.

दुसरे म्हणजे, शाळेतल्या अमीटरवर एक भाग १० मिलिअँपिअरचा असतो आणि व्होल्टमीटरवर ०.१ व्होल्टचा. १.४ व्होल्टला काटा १३० वर धरला तर रोध १०.८ ओम येतो, १४० वर धरला तर १०. अशा उपकरणांनी ‘१०.०३ ओम’ मोजता येतच नाही, आणि तरीही जर्नलांत दोन दशांश स्थळे सर्रास दिसतात. उत्तर किती स्थळांपर्यंत लिहायचे हे उपकरणाचे लघुतम माप (त्याच्यावरच्या सर्वांत लहान भागाची किंमत) ठरवते, कॅल्क्युलेटर नाही. हा धडा मुलांना इथे सहज मिळतो, आणि पुढे अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलालाही तो पुन्हा इतक्या सोप्या रीतीने मिळत नाही.

या प्रयोगात काय काय बिघडते, तेही सांगतो. अमीटर चुकून थेट सेलच्या दोन टोकांना लागला की काटा वाकतो किंवा गुंडाळी जळते. डिजिटल मल्टिमीटरचा मिलिअँपिअरचा फ्यूज अशाच चुकीने उडतो. मग तो व्होल्ट बरोबर दाखवतो, पण धारा कायम शून्य दाखवतो. शाळा असे मीटर बाद करते, तेव्हा फक्त आतला फ्यूज बदलायचा असतो. व्होल्टमीटर एकसरीत जोडला गेला तर अमीटरचा काटा हलतच नाही आणि मुले म्हणतात सेल संपले. वार्निशच्या तांब्याच्या तारा टोकाशी खरवडल्या नाहीत तर मंडल पूर्णच होत नाही. कळ दाबण्याआधी काटे शून्यावर आहेत का ते पाहावे. नसतील तर तेवढी दुरुस्ती प्रत्येक निरीक्षणाला लावावी, आणि ती लावली आहे हे तक्त्यात दिसले पाहिजे. या चुका मुलांच्या हातून होऊ द्याव्यात (अमीटर थेट सेलला जोडण्याची एक सोडून), कारण मंडल कसे चालते हे चूक शोधतानाच समजते.

बहिर्वक्र भिंगाच्या प्रयोगातही हेच करता येते. १०, १५ आणि २० सेंमी नाभीय अंतराची भिंगे मिसळून, छापलेला आकडा कागदाच्या पट्टीने झाकून गटांना द्यावीत. दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर घेऊन नाभीय अंतर काढायचे असते. इथे ‘दूर’ म्हणजे किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वर्गाच्या खिडकीचे गज दोन मीटरवर असतील तर २० सेंमीच्या भिंगाची प्रतिमा २२.२ सेंमीवर पडते. समोरचे झाड वीस मीटरवर असेल तर २०.२ सेंमीवर. खिडकीचे गज वापरणाऱ्या गटाचे उत्तर दोन सेंटिमीटरने जास्त येते आणि शिक्षक म्हणतात ‘नीट फोकस केले नाही’. मुलाने फोकस नीटच केलेला असतो, वस्तू पुरेशी दूर नसते. भिंगाच्या सूत्रात आकडे घालून त्याने हे स्वतः ताडून पाहावे. तासभर शिकवून जे कळत नाही ते या दोन आकड्यांतून कळते. जवळच्या वस्तूसाठी मेणबत्तीऐवजी छोटी टॉर्च आणि तिच्यापुढे बाण कापलेला काळा पुठ्ठा वापरावा. मेणबत्तीची ज्योत वाऱ्याने हलते आणि जळता जळता खाली येते, त्यामुळे प्रतिमेची उंची मोजता येत नाही.

रसायनाच्या प्रयोगांत उतरवण्याचा रोग आणखी खोल आहे, कारण तिथे पाठ्यपुस्तकातला रंगच ‘निरीक्षण’ म्हणून लिहिला जातो. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळा टाकला की द्रावण फिकट हिरवे होते, असे प्रत्येक जर्नल सांगते. तासिकेच्या वेळात बहुधा तसे दिसत नाही. निळा रंग थोडा फिका पडतो आणि खिळ्यावर तांबूस थर बसतो. हा थर बसला की आतल्या लोखंडापर्यंत द्रावण पोचत नाही आणि अभिक्रिया मंदावते. द्रावण दुसऱ्या दिवसापर्यंत उघडे राहिले तर हिरवे होण्याऐवजी पिवळसर तपकिरी दिसू लागते, कारण फेरस आयन हवेने फेरिक होतात. खिळा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर आधी जस्तच विस्थापन करते आणि सगळेच गणित चुकते. म्हणून खिळा सँडपेपरने चकचकीत घासावा, मुलाम्याचा नको.

याहून चांगला मार्ग लोहकिसाचा आहे. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद विरघळवले की द्रावण साधारण ०.२ मोलर होते. त्यातले २० मिलि परीक्षानळीत किंवा छोट्या चंचुपात्रात घेऊन १ ग्रॅम लोहकीस टाकावा आणि ढवळत राहावे. काही मिनिटांत निळा रंग जातो, तळाशी तांबूस चुरा दिसतो, आणि थर्मामीटर काही अंशांनी चढतो. उष्मादायी अभिक्रिया हा शब्द मुलांनी पाठ केलेला असतो; इथे पारा चढताना ती पाहतात. आठ गटांना १६० मिलि द्रावण लागते, म्हणजे ८ ग्रॅम मोरचूद. आमच्या भागात द्राक्षबागांसाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) करतात, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात मोरचूद किलोने मिळते आणि या प्रयोगाला ते चालते. पण ते विषारी आहे. तोंडाने पिपेट ओढायची नाही, प्रयोगानंतर हात धुवायचे, आणि उरलेले निळे द्रावण बेसिनमध्ये ओतायचे नाही. त्यात लोहकीस टाकून निळा रंग पूर्ण जाऊ द्यावा, गाळून तांबे वेगळे काढावे आणि मगच पाणी टाकावे.

कार्बन डायऑक्साइड ओळखण्यासाठी वापरतात त्या चुन्याच्या निवळीबद्दल थोडक्यात. खाण्याचा चुना चमचाभर एक लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा, वरचे स्वच्छ पाणी काढून बाटली गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावावे. अर्धी रिकामी बाटली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आपोआप दुधाळ होते. नळीने फार वेळ फुंकले तर दुधाळपणा परत जातो, कारण कॅल्शिअम बायकार्बोनेट पाण्यात विरघळते. तेही ‘प्रयोग फसला’ म्हणून सोडून देऊ नये, तक्त्यात लिहावे.

जीवशास्त्रात कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड सर्वांत सोपी समजली जाते, आणि तिथेच मुले हवेचा बुडबुडा केंद्रक म्हणून काढतात. बुडबुड्याची कड जाड, काळी आणि एकदम गोल असते. केंद्रक आयोडीनने पिवळसर तपकिरी रंगते आणि बहुधा पेशीभित्तिकेजवळ असते. पापुद्रा मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्यावा, आधी पाण्याचा थेंब ठेवून मग पापुद्रा पसरावा, आणि आच्छादन काच तिरकी धरून हळू सोडावी. सूक्ष्मदर्शकावर आधी कमी शक्तीचे वस्तुभिंग. ४० पटीच्या भिंगाखाली जाड स्क्रू फिरवला की स्लाइड फुटते आणि भिंगाला चरा पडतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. तिथे सूक्ष्मदर्शक कापडी खोळीखाली उघडा न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा.

साठ मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच. आठवड्यातून एकदा दोन तासिका सलग घ्याव्यात आणि वर्ग अर्धा करावा. अर्धी मुले दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाकडे, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. प्रयोगशाळेत तीस मुले, जास्तीत जास्त चौघांचे आठ गट. चार गटांना ओहमचा नियम आणि चार गटांना भिंग द्यावे, म्हणजे एक कॉइल आणि चार जोड मीटर पुरतात. गटात एकजण जोडणी करील, दोघे एकेक मीटर वाचतील, एकजण लिहील, आणि प्रत्येक निरीक्षणानंतर जागा बदलतील. नाहीतर हुशार मुलगा सगळे करतो आणि मुली तक्ते आखत बसतात. हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावे लागतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून मुले हाताने काम करत शिकत आहेत. म्हणजे हे जमत नाही असे नाही. निवडक मुलांसाठी जमते ते सगळ्या मुलांसाठीही जमले पाहिजे.

म्हणून राज्य मंडळाला आमची विनंती आहे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सूचनांत तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. पहिली, गटागटाचे साहित्य वेगळ्या मापाचे असावे आणि ती मापे परीक्षकाकडे बंद पाकिटात असावीत. दुसरी, निरीक्षणे शाईने कोऱ्या कागदावर तिथेच घ्यावीत, चुकीचा आकडा खोडरबराने न पुसता त्यावर एक रेघ मारावी, आणि त्या कागदावर शिक्षकाची त्याच दिवसाची सही असावी. जर्नलमध्ये तो कागद चिकटवावा, सुंदर अक्षरात पुन्हा लिहू नये. तिसरी, गुण उत्तराच्या अचूकपणाला कमी आणि निरीक्षणांच्या खरेपणाला, आलेखाला आणि ‘उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे का आले’ याच्या दोन ओळींना जास्त असावेत.

यंदाच्या परीक्षेला अजून काही आठवडे आहेत. कॉइलचे तुकडे कापून पुठ्ठ्यावर बसवायला एक दुपार लागते. ज्या शाळेकडे चालू मल्टिमीटर नाही, तिने शेजारच्या शाळेकडून तो एका दिवसासाठी मागून घ्यावा.

– माध्यमिक शाळांतील काही विज्ञान शिक्षक, जि. सांगली